धडधडणारं काळीज

परवा संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी घरी आली. कॉलेजात अवयवदानावर बोलायचं होतं आणि इतिहासाचा भाग माझ्याकडून तपासून हवा होता. तिची सुरुवात दधीची ऋषींपासून. सगळेच तिथून सुरू करतात. मी म्हटलं, "पोरी, दधीचींना घरच्यांची संमती आणावी लागली नव्हती. तू १९६८ पासून सुरू कर."

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदयरोपण केलं. लगेच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला. आपल्याकडची मोठी अडचण कायद्याची होती. हृदय थांबलं म्हणजेच मृत्यू, एवढीच व्याख्या. मग चालू हृदय काढायचं कसं? मेंदू मृत झाला की माणूस गेला, हे आपल्या कायद्यानं मान्य करायला १९९४ साल उजाडलं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलेलं हृदयरोपण यशस्वी झालं. फेब्रुवारी १९९५ मध्ये कायदा लागू झाला, तेव्हा पहिल्या राज्यांत गोवा आणि हिमाचलबरोबर आपला महाराष्ट्र होता. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, एवढी खबरदारी त्यात आहे.

हे सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं. मग मी सहज विचारलं, "तुला हा विषय का सुचला?"

ती म्हणाली, "बाबांमुळं."

मी गप्प झालो. तिच्या वडिलांचा मोटारसायकलवर अपघात झाला तेव्हा ती अकरावीत होती. डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगून अवयवदानाबद्दल विचारलं होतं. नातेवाईक गोंधळले आणि माझ्याकडं पाहू लागले. गुरुजी सांगतील ते करू, म्हणाले. मी आत जाऊन पाहिलं. मशीनवर छाती वरखाली होत होती, हात गरम होता. बाहेर येऊन मी म्हणालो, "काळीज चालू आहे अजून. घाई करू नका." दुसऱ्या दिवशी ते थांबलं. कोणालाच काही मिळालं नाही.

वर्गात तारखा घोकून घेणाऱ्या मला १९९४ चा कायदा तेव्हा ठाऊकही नव्हता.

मी तिला म्हटलं, "तेव्हा मीच नको म्हणालो होतो."

"माहीत आहे, गुरुजी. म्हणून तर पहिल्यांदा तुमच्याकडं आले."

जाताना ती एक अर्ज ठेवून गेली. मी सही केली. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. प्रत्यक्षातही घरच्यांना विचारल्याशिवाय कोणी पुढं जात नाही. म्हणून अर्ज सौभाग्यवतींपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, "तुमची छाती धडधडत असताना मी हो कसं म्हणू?"

मी त्यांना केईएमपासून सांगायला सुरुवात केली आहे. अर्ज अजून देव्हाऱ्याशेजारी पंचांगाखाली आहे.