हॉब्सन-जॉब्सन : बोलीचा कोश, भावाची स्मृती

शिष्ट इंग्रजीच्या तुलनेत बाजारातील आणि बराकीतील इंग्रजीकडे कोशकारांचे लक्ष उशिरा गेले. फ्रान्सिस ग्रोस यांचा असभ्य मानल्या गेलेल्या बोलीचा कोश १७८५ मध्ये लंडनला निघाला. फार्मर व हेन्ली यांच्या सात खंडांच्या कोशाचे प्रकाशन १८९० मध्ये सुरू झाले. त्याआधी, १८८६ मध्ये, भारतातील इंग्रजांच्या बोलभाषेचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा आगळा कोश प्रसिद्ध झाला.

मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश इंग्रज शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झाला. परका शब्द आपल्या जिभेच्या वळणावर आणण्याच्या या प्रवृत्तीचेच नाव कोशाला मिळाले. मराठी 'बोंबील' त्यात 'बमेलो' या रूपात भेटतो आणि 'मुंगूस' आपल्या इंग्रजी अवतारात. नोंदीखाली प्रवासवर्णने, पत्रे व दप्तरांतील उतारे कालानुक्रमे दिले आहेत. त्यामुळे शब्दाचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो.

बंगाल इंजिनिअर्समधील कर्नल हेन्री यूल (१८२०-१८८९) आणि मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी, संस्कृतज्ञ आर्थर बर्नेल यांच्या पत्रव्यवहारातून हे काम आकारले. बर्नेल १८८२ मध्ये वारले. कोश यूल यांनी एकट्याने तडीस नेला. मुखपृष्ठावर मात्र दिवंगत सहकाऱ्याचे नाव राखले.

अर्पणपत्रिका लॅटिनमध्ये आहे आणि ती थोरले बंधू सर जॉर्ज उडनी यूल यांना उद्देशून आहे. वडील मेजर विल्यम यूल कंपनीच्या सेवेत होते व फारसी-अरबी हस्तलिखितांचे संग्राहक होते. मधला भाऊ रॉबर्ट १८५७ मध्ये दिल्लीच्या लढाईत मारला गेला. त्याच वर्षी जॉर्ज भागलपूरचे आयुक्त होते. पुढे ते हैदराबादचे रेसिडेंट झाले. कोशातली बोली यूल घराण्याच्या आयुष्यात मुरलेली होती. सुमारे पंधरा वर्षांचा विरंगुळा आणि दिलासा ठरलेले हे श्रमाचे काम, आता वृद्ध झालेला धाकटा भाऊ आपल्या लाडक्या थोरल्याला देतो, असा त्या अर्पणाचा आशय आहे. १८८६ च्या जानेवारीतच जॉर्ज यांचे निधन झाले.

विल्यम क्रुक यांनी १९०३ मध्ये हजाराहून अधिक पानांची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात नोंदींची भर पडली. भावाला वाहिलेल्या ओळी तशाच राहिल्या.