हात, तबकडी आणि कुलूप

साधनांचा इतिहास बहुधा मालकाच्या नावाने लिहिला जातो. ज्या हाताने त्या साधनाला नवा अर्थ दिला, तो हात त्या इतिहासातून गळून पडतो. आपल्या देशात हे शतकानुशतके घडले. चामडे कमावणारा, दोर वळणारा, हलगी वाजवणारा यांच्या हातांत कसब होते. पण त्या कसबाला विद्या म्हणायला इथली व्यवस्था कधी तयार झाली नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. त्या विभागणीने हात एकीकडे टाकला आणि बुद्धी दुसरीकडे. हा प्रश्न मी इथे एका वेगळ्या विषयातून तपासणार आहे. तो विषय म्हणजे संगणकावरचे डीजे सॉफ्टवेअर आणि ते चालवण्याची साधने.

असल्या विषयाला या पानांवर जागा कशाला, असे काही वाचक विचारतील. जयंतीच्या मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींवरून आपल्या चळवळीत पुष्कळ वाद झाला आहे. कानठळ्या बसवणारा आवाज आणि त्यावर उधळला जाणारा पैसा यांविषयी ज्येष्ठ कार्यकर्ते जे बोलतात ते मला मान्य आहे. परंतु आवाजाचा प्रश्न वेगळा आणि त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या ज्ञानाचा प्रश्न वेगळा. मी इतिहास शिकवतो आणि अशी पोरे माझ्या वर्गात आहेत. आमच्या स्टाफरूममध्ये एका प्राध्यापकांनी त्यांचा उल्लेख 'वाजवणारे' असा केला. हा शब्द मला नवा नव्हता. माझ्या आजोबांना गाव याच शब्दाने हाक मारी. त्यांनी गावकीची हलगी खुंटीला टांगली ती कायमची. तो नकार योग्यच होता. पण सक्तीला नकार देताना त्या हातात जे ज्ञान होते तेही हीन होते, असे आपण मानायचे काय?

या इतिहासाची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हेच शहर. त्याच्या उत्तरेला ब्राँक्स हा भाग आहे. १९४८ ते १९७२ या वर्षांत त्या भागाच्या पोटातून क्रॉस-ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा मोठा रस्ता काढला गेला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडले ते गेले. मागे राहिलेल्यांत काळे आणि पोर्तो रिकोचे गरीब लोक मोठ्या संख्येने होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक दालनात एक पार्टी झाली. शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून एका मुलीने ती भरवली होती. गाणी लावायला तिचा भाऊ होता: जमैकातून आलेला १८ वर्षांचा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच कूल हर्क.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केले. त्यानंतर शंभर वर्षांनी त्या गुलामांच्या वंशजांची पोरे ब्राँक्समध्ये हे करीत होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. म्हणजे त्या माणसांशी आपले विचारांचे नाते जुने आहे. त्यांच्या हातांनी यंत्राचे काय केले, इकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही.

तबकडीच्या पृष्ठभागाला हात लावू नये, हा ग्रामोफोनचा पहिला नियम. सुखवस्तू घरात तो कसोशीने पाळला जाई. ब्राँक्सच्या पोरांनी तोच मोडला. गाण्यातल्या ज्या तुकड्यात फक्त ताल उरतो, तिथे नाचणारे अंगात आल्यासारखे नाचतात, हे हर्कने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवू लागला. बार्बाडोसमध्ये जन्मलेला आणि व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला ग्रँडमास्टर फ्लॅश याने तबकडीवर खडूच्या खुणा केल्या. पुढची तबकडी लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्या कानात ऐकता यावी म्हणून त्याने स्वतः स्विच बसवला. ग्रँड विझर्ड थिओडोर हा तर तेव्हा शाळकरी पोर. सुई तबकडीवर असतानाच तबकडी मागेपुढे घासून नवा आवाज काढण्याचे श्रेय त्याला दिले जाते. टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली काढले ते घरात बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. त्यात पट्टा नव्हता. मोटर थेट चकतीखाली होती. त्यामुळे वरची तबकडी हाताने धरली तरी खालची चकती जोरात फिरत राही आणि हात सुटताच तबकडी पुन्हा वेग घेई. पुढे १९७९ साली याच यंत्राच्या नव्या आवृत्तीत वेग कमीजास्त करण्याची सरकपट्टी आली. कंपनीने जे योजले नव्हते ते वाद्य या पोरांनी त्या यंत्रातून घडवले.

नंतर संगणक आला. २००० साली ट्रॅक्टर, २००३ साली व्हर्च्युअल डीजे अशी सॉफ्टवेअरे बाजारात आली. महागड्या यंत्रांच्या जोडीची आणि तबकड्यांच्या खोक्यांची गरज संपली. पण एक अडचण उभी राहिली. माऊसला बाण एकच. हाताला मात्र एकाच क्षणी दोन कामे करायची असतात: एका गाण्याचा आवाज उतरवायचा आणि दुसऱ्याला ढकलून तालात आणायचे. हलगीवालाही एका हातात जाड आणि दुसऱ्या हातात बारीक काडी धरतो आणि दोन्ही हातांची कामे निराळी असतात. कीबोर्डवर अनेक कळा एकदम दाबता येतात, हे खरे. पण कळ दाबलेली असते किंवा नसते. मधले काही तिला ठाऊक नाही.

ही उणीव भरून काढायला मिडी नावाची भाषा उपयोगी पडली. ती १९८३ साली वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी तयार झाली होती. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात मोठा वाटा. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ती स्वीकारली आणि वापरण्याबद्दल कोणाकडून शुल्क घेतले नाही. खुंटी फिरवली की कंट्रोलर संगणकाला ० ते १२७ यांपैकी एक आकडा पाठवतो. आवाज वाढवायला-उतरवायला १२८ पायऱ्या पुरतात. वेगाला त्या पुरत नाहीत. सरकपट्टीचा पल्ला उणे ८ ते अधिक ८ टक्के असेल, तर एक पायरी सुमारे ०.१२६ टक्क्याची होते. हवा असलेला वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मधोमध पडला, तर तीन मिनिटांत दोन गाण्यांमध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक अंतर पडते आणि ताल फाटलेला कानाला कळतो. म्हणून पुढे दोन आकडे जोडून १६,३८४ पायऱ्या करण्याची युक्ती वापरली गेली. काही यंत्रांनी मिडी सोडून कीबोर्ड-माऊस ज्या यूएसबी पद्धतीने बोलतात तीच अधिक बारकाईने वापरली. १२८ वरून १६,३८४ वर यंत्राला जावे लागले, ते हाताला हा बारकावा आधीपासून जमत होता म्हणून.

याहून बोलका पुरावा दुसरा आहे. नेदरलँड्समधल्या मंडळींनी फायनल स्क्रॅच नावाची पद्धत काढली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बाजारात आली. तिच्या तबकडीवर गाणे नसतेच. संगणकाला कळेल असा एक संकेत कोरलेला असतो. सुई तो वाचते. संकेताच्या कंपनांवरून वेग कळतो, डाव्या-उजव्या बाजूंच्या संकेतांतील फरकावरून तबकडी पुढे फिरते की मागे हे कळते, आणि कोरलेल्या खुणांवरून सुई कुठे आहे ते कळते. गाणे संगणकात, पण ताबा तबकडीवरच्या हाताकडे. इतकी प्रगती करून यंत्राला ब्राँक्सच्या पोरांच्या हाताकडेच परत यावे लागले!

मात्र परत येताना कुलूप आले. न्यूझीलंडच्या सेराटोने २००४ साली रेन या कंपनीबरोबर अशीच पद्धत आणली. सॉफ्टवेअर फुकट मिळे, पण ठरावीक पेटी जोडल्याशिवाय त्याचे खरे काम होत नसे. पुढे त्यांचे नवे सॉफ्टवेअर आले तेव्हा पहिली पेटी त्यात चालेना. पेटी बिघडली नव्हती. तिची दखल घेणे तेवढे थांबले होते. माणसाच्या अंगचे गुण तसेच असताना त्याला दाराबाहेर ठेवण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. कंपनी नफा पाहते, जात जन्म पाहते. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण दार कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न दोन्हीकडे विचारावाच लागतो.

दुसरी वाटही आहे. २००१ साली डेन्मार्कमधील संशोधनातून मिक्स या नावाचे सॉफ्टवेअर सुरू झाले. ते विनामूल्य आहे आणि त्याची रचना कोणालाही वाचता आणि बदलता येते. यात कोणते साधन कसे वागेल हे एका 'मॅपिंग'मध्ये लिहिलेले असते: अमुक बटणाकडून अमुक आकडा आला की तमुक काम कर. कंपनीने न योजलेले साधनही यामुळे चालवता येते. जगभरच्या वापरणाऱ्यांनी अशी मॅपिंग लिहून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याकडे कंट्रोलर घ्यायला पैसे नव्हते. जुन्या कीबोर्डच्या कळांवर रंगीत चिकटपट्ट्या लावून त्याने आपले मॅपिंग स्वतः लिहिले. ते लिहिण्यासाठी त्याला इंग्रजी सूचना वाचाव्या लागल्या, तर्क लढवावा लागला, दहा वेळा चुकून अकराव्यांदा दुरुस्त करावे लागले. महाविद्यालयात आम्ही ज्याला अभ्यास म्हणतो तो याहून वेगळा काय असतो?

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की नुसते बटण दाबणारे राहू नका. बटणामागचे लिखाण वाचायला आणि लिहायला शिका. कार्यकर्त्यांना विनंती आहे की आवाजाला मर्यादा घाला, पण त्या पोराला हिणवू नका. वस्तीतल्या वाचनालयात त्याला एक टेबल द्या आणि चार धाकट्यांना शिकवायला सांगा. आणि माझ्यासारख्या शिक्षकांवर तर जबाबदारीच आहे. हर्क, फ्लॅश आणि थिओडोर यांची नावे राहिली, कारण ती कुणीतरी टिपून ठेवली. आपल्या वस्त्यांत हलगी, बँजो, कॅसेट आणि आता लॅपटॉप अशा साधनांवर ज्यांनी आपापल्या युक्त्या शोधल्या, त्यांच्याकडे जाऊन त्या विचारून घेणे आणि लिहून काढणे हे काम अजून व्हायचे आहे. त्यांतले काही वृद्ध झाले आहेत. येत्या सुट्टीत ते सुरू करावे.