शाकारणी : छप्पर, चूल आणि कागदांत न सापडणारे श्रम

१/ कोकणी घराचा इतिहास सांगताना आपण जांभा दगड, सागवानी खांब, ओसरी-पडवीची रचना यांविषयी भरभरून बोलतो. परंतु दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस छप्पर उतरवून ते पुन्हा रचणारे कुटुंब या वर्णनात क्वचितच दिसते. आजचा धागा त्या कामाविषयी आहे, आणि ते काम ज्या चुलीच्या बळावर उभे राहिले तिच्याविषयीही.

२/ प्रथम शब्द पाहू. शाकारणे म्हणजे छपरावर गवत, पेंढा, झावळ्या किंवा कौले घालून ते पावसाजोगे करणे. वर्षात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत, अशा प्रदेशात हे काम सवडीचे असूच शकत नाही. रोहिणी सरून मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ते उरकावेच लागते.

३/ छप्पर गळले तर केवळ माणसे भिजत नाहीत. माळ्यावरचे भात, चुलीसाठी रचलेली लाकडे, मडक्यांत भरलेली सुकी मासळी, आमसुले, पापड असे वर्षाचे सारे अन्न धोक्यात येते. म्हणूनच पावसाळ्याची बेगमी आणि शाकारणी एकाच ऋतूत, एकाच घाईत चालत. छप्पर अन्नाचे रक्षण करी आणि छप्पर रचणारे हात त्याच अन्नावर चालत.

४/ गवताच्या छपराचा मोठा शत्रू अग्नी. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र अनेकांनी वाचले असेल. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, हा त्यातील आशय सर्वज्ञात आहे. त्याच पत्रात आणखी एक इशारा आहे, आणि तो आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे.

५/ कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, अशी चिंता त्या पत्रात व्यक्त झाली आहे. स्वयंपाकाची आग आणि गवत यांचे शेजार किती जोखमीचे असते, याची जाण राज्यकर्त्याला होती. केंबळी छपराखाली रोज चूल पेटवणाऱ्या बाईला तर ती पत्राशिवायही होती.

६/ गवताच्या तुलनेत कुंभाराने घडवलेली नळीची कौले सुरक्षित खरी; पण ती एकमेकांत अडकत नाहीत, केवळ एकमेकांवर टेकतात. वारा, माकडे, मांजरे, उंदीर यांनी ती सरकतात, फुटतात. परिणामी दरवर्षी कौले चाळावी लागत : सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा तपासायच्या आणि पुन्हा ओळीने लावायची.

७/ या कामात घरातील प्रत्येकाला जागा होती. बहुतेक ठिकाणी आढ्यावर चढत ते पुरुष. खाली कौले हातोहात पुढे देणारी साखळी स्त्रिया आणि मोठ्या मुलांची. पालापाचोळा, कोळिष्टके आणि फुटके तुकडे गोळा करण्याचे काम लहानांचे. कोणता वासा किडला, कोणत्या कोपऱ्यात गतसाली गळती होती, ही माहिती मात्र अंगणात बसलेल्या वृद्धांकडे. घराची स्मृती त्यांच्यापाशी होती.

८/ आणि मजुरी? जिथे भावकी व शेजारी एकमेकांच्या घरी राबत, तिथे मजुरी म्हणजे जेवण, आणि उद्या त्यांच्या घरी आपण जाणे. देशावर शेतीच्या कामात हीच रीत ‘इर्जिक’ या नावाने ओळखली जाई : ज्याचे काम, त्याच्या घरी जेवण. रोख पैसा दुर्मीळ असलेल्या समाजात श्रमाची ही देवघेव अत्यंत व्यवहारी होती. तिला केवळ जिव्हाळ्याची गोष्ट समजणे अपुरे ठरेल.

९/ आता चुलीकडे वळू. सकाळी कामाला हात लावताना घावणे किंवा रात्रीचा भात. ऊन चढल्यावर मीठ घातलेली पेज, सोबत लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सुक्या जवळ्याची चटणी. या यादीत मे महिन्यातील कोकण पूर्ण दिसते : झाडावर आहे ते, आणि साठवलेले आहे ते. पेजेमागे तर साधे शास्त्र आहे. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ ती परत देते, आणि पोट जड होऊ देत नाही. आढ्यावर चढलेल्या माणसाला जडत्व परवडत नाही.

१०/ पंधरा-वीस जणांचे हे खाणे रांधायला किती वेळ लागे, याचा विचार करावा. भात कांडणे, विहिरीचे पाणी भरणे, वाटण वाटणे, आणि छप्पर उघडे असेल तर भर उन्हात अंगणात तीन दगडांची चूल मांडणे. छपरावरचे काम सूर्य उगवल्यावर सुरू होई. या कामाची सुरुवात त्याआधीच होत असे, आणि शेवट सगळ्यांची पाने उठल्यानंतर.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे इथे अडचण उभी राहते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. त्या काळच्या सरकारी नोंदींत घरांची प्रतवारी भिंती आणि छप्पर कशाचे, यावरून केली जाई : भाजलेल्या विटा व कौले वरच्या वर्गात, माती व गवत खालच्या वर्गात. छप्पर कागदावर आले. ते दरवर्षी कोण रचते आणि त्यांना कोण जेवू घालते, हा रकानाच त्या तक्त्यांत नव्हता.

१२/ त्याच सुमारास छपराचे तंत्र बदलत होते. १८४१ साली फ्रान्सच्या अल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. यंत्राने दाबलेले, भट्टीत भाजलेले हे ‘मंगलोरी कौल’ समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर पसरले आणि पुढे कोकणी घराची ओळखच बनले.

१३/ ज्याला आपण अस्सल पारंपरिक कौलारू घर म्हणतो, त्याचे लाल छप्पर असे युरोपीय कल्पना, मिशनचे भांडवल आणि मंगळूरची माती यांच्या संयोगातून आलेले आहे. कौल खाचेत बसल्याने शाकारणीचे दिवस घटले. काम मात्र संपले नाही. फुटके कौल बदलणे, कोने पक्के करणे, शेवाळ खरवडणे यांसाठी मे महिन्यात शिडी लागतच राहिली.

१४/ हे चित्र गोड करून रंगवण्यापूर्वी थांबायला हवे. खोती पद्धतीत कुळांना खोताच्या कामावर वेठीने राबावे लागे. स्वतःच्या घरावर आपुलकीने चढणारे पाय दुसऱ्याच्या कामावर सक्तीने जात. मोठ्या घरांत जेवण मिळाले तरी पंगत जातीनुसार वेगळी बसे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सहकार्य आणि सक्ती यांतील अंतर त्या कुळांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१५/ दरम्यान घरातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की, कामगारांनी गावाशी जपलेले नाते हा त्यांच्या मागासलेपणाचा अवशेष नव्हता. अनिश्चित रोजगार, आजारपण आणि संप यांच्या काळात गावचे घर हाच आधार होता. त्या घरावर छप्पर शाबूत असणे ही चाकरमान्याची विमा पॉलिसीच होती. मे महिन्याच्या रजेत तो विश्रांतीला येई, आणि शिडीवरही चढे.

१६/ ज्या वर्षी रजा मिळत नसे, त्या वर्षी मनिऑर्डर येई आणि शाकारणी मागे राहिलेल्या स्त्रिया व वृद्ध पार पाडत. तिकडे गिरणगावात एकट्या पुरुषांना खानावळवाल्या बायका महिन्याच्या हिशेबाने जेवू घालत. तेच रांधणे शहरात गेल्यावर त्याला किंमत आली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच स्त्रियांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. गावच्या चुलीपुढील श्रमांचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नव्हता.

१७/ १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अनेक कुटुंबे गावाकडे परतली आणि त्या जुन्या छपराखाली राहिली. पुढे सिमेंटचा स्लॅब आला, पत्रा आला. ज्यांच्या घरातील तरुण बाहेर आहेत त्यांच्यासाठी स्लॅब ही मोठी सुटका होती, हे मान्य केले पाहिजे. त्याबरोबर दरवर्षी सर्वांनी एकत्र येण्याचे एक सक्तीचे निमित्तही संपले.

१८/ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो घरांची कौले-पत्रे उडाले. आठ-दहा दिवसांत मोसमी पाऊस येणार होता, वीज नव्हती, टाळेबंदी चालू होती. टाळेबंदीमुळेच गावी आलेले अनेक चाकरमानी त्या वेळी घरी होते. कित्येक घरे पुन्हा त्याच रीतीने उभी राहिली : मिळतील ती कौले वेचून, हातोहात वर देऊन, आणि अंगणातल्या चुलीवर एकत्र रांधून.

१९/ यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. घराची दुरुस्ती हे दोन ठिकाणी चालणारे एकच काम आहे : एक आढ्यावर, एक चुलीपाशी. पहिल्याचा पुरावा कौलावरच्या कारखान्याच्या शिक्क्यात मिळतो; दुसऱ्याचा पुरावा जेवण संपताच नाहीसा होतो. केवळ टिकलेल्या पुराव्यावर इतिहास लिहिला, तर निम्मे कुटुंब त्यातून गळते.

२०/ म्हणून वाचक मित्रांना एक विनंती. गावी जुने कौल सापडले तर ते उलटून शिक्का पाहा, छायाचित्र घ्या. त्याच दिवशी घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीला विचारा : शाकारणीच्या दिवशी किती माणसे जेवत, काय रांधले जाई, पाणी कोण आणी, आणि तुम्ही स्वतः किती वाजता जेवत होता? उत्तर तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. शिक्का आणखी शंभर वर्षे टिकेल. दुसऱ्या नोंदीसाठी तेवढा वेळ नाही.