दम, जखम, मरण

गेल्या वर्षी इंदूरच्या भाचीने मला एक काम दिले. "मावशी, आमच्या खेळाचे नियम मराठीत करून दे. आजीलाही खेळायला बसवायचंय." आजी म्हणजे माझी आई. खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, कोणी योद्धा तर कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि अडल्या जागी फासा निर्णय देतो. वीस वर्षे अनुवाद केल्यावर हे काम आठवड्याभराचे वाटले. मी अडले ते 'हिट पॉइंट्स' या दोन शब्दांपाशी.

प्रत्येक पात्राला हे गुण मिळतात. वार बसला की ते घटतात. मी आधी 'प्राणांक' लिहिले. शब्द भारदस्त होता, पण बरोबर आहे की नाही हे पाहायला इतिहासात शिरावे लागले.

या खेळाचे पूर्वज लष्करी आहेत. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसवित्स नावाच्या अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात फाशांनी तुकड्यांची हानी ठरे. तिथे सैनिकाला नाव नव्हते, त्यामुळे त्याच्या मरणाचे दुःखही नव्हते. अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' हे नियमपुस्तक काढले. त्यातही साधा सैनिक एका वारात खलास होई.

त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना 'ब्लॅकमूर' नावाच्या कल्पित प्रदेशात खेळवत होता. इथे प्रत्येकाकडे एकच माणूस होता, त्याला नाव होते आणि मागच्या आठवड्याची गोष्टही होती. तो एका फाशात मेलेला कोणाला रुचेना. आर्नेसनने पुढे सांगितले की, त्यावर त्याने आपल्या पोलादी युद्धनौकांच्या खेळातली युक्ती उचलली : जहाज एका तोफगोळ्याने बुडत नाही, तसा माणूसही एका वाराने पडू नये. म्हणजे या खेळातले माणसाचे शरीर मुळात जहाजाचे आहे.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, पहिल्या हजार प्रती. त्यात नवख्या पात्राचे गुण साधारण एका फाशाइतके आणि शत्रूचा वारही एका फाशाचा. शून्यावर आला की मेला. मात्र वरच्या पायरीच्या पुरोहिताला मृताला उठवण्याचा मंत्रही त्याच पुस्तकात होता.

हे वाचताना मला हुतूतू आठवला. आपल्याकडे त्याचे तीन प्रकार होते. गामिनीत मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. संजीवनीत समोरचा गडी मेला की आपला एक जिवंत. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. अमेरिकेतला हा खेळ गामिनीकडून संजीवनीकडे सरकत गेला. १९७९ च्या सूत्रधारांच्या ग्रंथात शून्यावर मरण नाही, बेशुद्धी आहे. मरण उणे दहावर. २०१४ च्या आवृत्तीत पडलेला खेळाडू दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकतो : दहा किंवा वर आले तर यश, खाली आले तर अपयश. तीन यशे आधी आली तर जीव वाचला, तीन अपयशे आधी आली तर संपला.

गायगॅक्सने १९७९ मध्येच स्पष्ट केले होते की हे गुण म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे; त्यांत कौशल्य, नशीब, दैवी कृपाही आली. मग 'प्राण' चूकच. मी शब्द खोडून 'दम' लिहिले. आईने एकदाच ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे दम सुटला की मेला. समजलं."

पण हुतूतूच्या तिन्ही प्रकारांत गडी एक तर जिवंत असतो, नाही तर मेलेला. जखमी नसतो. दमाच्या हिशेबातही तसेच : एक गुण उरलेला योद्धा पूर्ण ताकदीने तलवार चालवतो. काहींना हे खटकले. १९७८ चा 'रूनक्वेस्ट' घडवणारे स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन शस्त्रांच्या लढतींत स्वतः उतरलेले होते. त्या लढतींत हातावर वार बसला की तो हात वापरायचा नाही. त्यांच्या खेळात फासा आधी वार कुठे बसला ते सांगतो : डोके, छाती, पोट, दोन हात, दोन पाय. १९८० च्या 'आर्म्स लॉ'ने तर गंभीर जखमांचे तक्तेच्या तक्ते छापले. मुख्य प्रवाहात मात्र जखम ऐच्छिकच राहिली. १९७९ च्या ग्रंथात उणे सहा किंवा त्याच्याही खाली गेलेल्याला व्रण द्यावा किंवा अवयव गमवावा, पण सूत्रधाराची इच्छा असेल तर. पन्नास वर्षांचा हा प्रवास मला असा दिसतो : खेळाने मरणाशी वाटाघाट केली, पण अधू होऊन जगण्यासाठी जागा करायला तो कचरत राहिला. मेलेल्या पात्राच्या जागी नवे घेता येते. लंगडणाऱ्याबरोबर पुढच्या शनिवारीही खेळावे लागते.

शेवटी २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथातला ऐच्छिक जखमांचा तक्ता समोर आला. वीस बाजूंच्या फाशावर एक आले तर डोळा जातो, दोनला हात, तीनला पाय. चारला लंगडणे : चालण्याचा वेग पाच फुटांनी कमी, आणि जादूच्या उपचाराने बरे होते.

नऊ वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात माझा गुडघा गेला. मी लंगडते. आमच्याकडे जादू नाही. पहिल्या खर्ड्यात माझ्याच हातून 'पात्र लंगडे होते' असे लिहिले गेले होते. ते खोडून 'पात्र लंगडत चालते' केले. पहिल्या वाक्यात माणूसच बदलतो, दुसऱ्यात फक्त चाल.

भाचीने वाचून फोन केला. "मावशी, तो तक्ता काढून टाकू का?"

"काढू नकोस," मी म्हटले. "फक्त फासा टाकायच्या आधी ज्याचं पात्र आहे त्याला विचार."

त्यांच्या टेबलावर आता तो नियम आहे. आईच्या पुरोहितीणबाईला दिवाळीत चार पडले. विचारल्यावर ती 'चालेल' म्हणाली आणि मंत्रही नको म्हणाली. साधारण माणसाचा वेग एका फेरीत तीस फूट. तिच्या कागदावर तीस खोडून पंचवीस लिहिले आहे, आणि तिच्यासाठी सगळा जथा पंचविसाने चालतो.