तीन बहिणी, एक कलम

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आठवीच्या मुली कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. मी जवळ गेले तसा मोबाइल दप्तरात गेला. शाळेत मोबाइल आणायला मनाई आहे. मी रागावण्याआधीच एकजण म्हणाली, "मॅडम, गेम नाही, कॉमिक आहे. पाच बहिणी आहेत, पण दिमाग एकच. एकीने बघितलं की चौघींना कळतं. खऱ्यात असं असतं का?"

मी "नाही" म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली आणि विषय राहून गेला. पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

ते कॉमिक मी नंतर बघितलं. 'एक्स-मेन'मधलं आहे. २००१ साली लेखक ग्रँट मॉरिसन यांनी 'न्यू एक्स-मेन' या मालिकेत या पाच बहिणी आणल्या. सोनेरी केस, एकसारखा चेहरा, एकसारखा पोशाख. एकीने सुरू केलेलं वाक्य दुसरी पुरं करते. त्यांना 'स्टेपफर्ड कुकूज' म्हणतात. या नावामागे जॉन विंडम यांची १९५७ सालची 'द मिडविच कुकूज' ही कादंबरी आहे. तिच्यातही मनाने जोडलेली मुलं आहेत. आमच्या कॉमिकमधल्या मुलींची नावं सोफी, फीबी, इर्मा, सेलेस्ट आणि एस्मे. पण सुरुवातीला ही नावं लक्षात ठेवायची गरजच पडत नाही, कारण सगळे त्यांना एकच समजतात. शाळेत दंगल होते, ती थांबवताना सोफी मरते, उरलेल्या चौघींमध्ये फूट पडते. तेव्हा कुठे कळतं की सोफी नावाची एक वेगळी मुलगी होती.

ते वाचताना मला आपल्याच कोकणातल्या तीन बहिणी आठवल्या. मुलीला दिलेलं उत्तर चुकलं होतं असं वाटलं.

उर्दूचा अभ्यास करताना अतिया फैजी हे नाव मला इक्बालांच्या संदर्भात भेटलं. १९०७ साली लंडनमध्ये इक्बालांची त्यांची भेट झाली, पुढे पत्रव्यवहार झाला, आणि १९४७ साली मुंबईत अतियांनी त्या आठवणींचं आणि पत्रांचं पुस्तक इंग्रजीत छापलं. आमच्या पिढीला अतिया एवढ्याच ठाऊक होत्या. मौलाना शिब्ली नोमानींच्या पत्रांतही त्या भेटतात. म्हणजे दोन मोठ्या माणसांनी पत्रं लिहिली म्हणून लक्षात राहिलेली बाई. त्यांच्या दोन बहिणींबद्दल मला बी.एड. होऊन कितीतरी वर्षं झाली तरी काही माहीत नव्हतं.

तिघींत मोठ्या झेहरा, मधल्या नाझली, धाकट्या अतिया. वडील हसनअली फैजहैदर व्यापारी होते. त्यांचा धंदा उस्मानी तुर्कांच्या राजधानीत, इस्तंबूलमध्ये होता. अतियांचा जन्म १८७७ चा, तिथलाच. घराणं सुलेमानी बोहरा, मुंबईच्या तय्यबजी खानदानाच्या नात्यातलं. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले बदरुद्दीन तय्यबजी याच खानदानातले. नाझलींचं लग्न लहान वयातच जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमद खान यांच्याशी झालं. एक बहीण मुरूडच्या राजवाड्यात गेली, पण बहिणींचं येणं-जाणं कमी झालं नाही.

या तय्यबजी खानदानाचा एक रिवाज मला फार आवडतो. घरात एक मोठी वही ठेवलेली असायची. तिला 'अख़बार' म्हणायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाची तब्येत कशी आहे, सहलीत काय घडलं, हे घरातल्या कुणीही त्यात उर्दूत लिहायचं. बायका लिहायच्या, मुलंही लिहायची. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि खाली आपलं जोडायचं. ज्या काळात मुलींच्या हातात कलम देऊ नये असं अनेक शरीफ घरांत मानत, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या मुलीने विचारलेला 'एकच दिमाग' मला त्या वहीत दिसतो. त्यात जादू काही नाही. वही उघडी ठेवलेली आहे आणि लिहायला कुणाला मनाई नाही, एवढंच.

तिन्ही बहिणी याच रिवाजात वाढल्या, आणि १९०६ साली त्यांनी तो घराबाहेर नेला.

त्या सप्टेंबरमध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला निघाल्या. त्यांचं कॉलेज होतं मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज, म्हणजे शिक्षिका घडवणारं कॉलेज. आपल्या भाषेत बी.एड.च म्हणा. हे वाचल्यावर मला त्या एकदम जवळच्या वाटल्या. जहाजावर पाय ठेवल्यापासून त्या घरी बहिणींना लिहीत होत्या. काय पाहिलं, कोण भेटलं, वर्गात काय शिकवलं, काय आवडलं, काय खटकलं. इथे मुंबईत ते लिखाण झेहरांच्या हाती यायचं. झेहरा ते नीट करून लाहोरला 'तहज़ीब-ए-निस्वाँ'कडे पाठवायच्या. हे बायकांचं उर्दू साप्ताहिक १८९८ साली सुरू झालेलं, संपादक मुहम्मदी बेगम. अशा रीतीने लंडनमध्ये एकीने पाहिलेलं मुंबईत दुसरीच्या टेबलावरून जाऊन लाहोर, अलिगढ, भोपाळच्या पडद्यातल्या बायकांपर्यंत पोचत होतं. आगबोटीच्या टपालाला आठवडे लागायचे. तरीही एकीने बघितलं की शेकडो जणींना कळत होतं.

नाझलीही मागे राहिल्या नाहीत. १९०८ साली त्या नवाबांसोबत युरोपला गेल्या, अतियाही बरोबर होत्या. त्या प्रवासाचं 'सैर-ए-युरोप' हे उर्दू पुस्तक नाझलींच्या नावावर आहे. अतियांचं लंडनचं शिक्षण मात्र अर्धवटच राहिलं. १९०७ मध्येच त्या परतल्या. पण तिथून पाठवलेलं लिखाण वाया गेलं नाही. १९२१ साली आग्ऱ्याहून ते 'ज़माना-ए-तहसील' या नावाने पुस्तक झालं. २०१० साली सिओभान लँबर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर अभ्यासासह काढलं, म्हणून आज आपल्याला हे सगळं सहज वाचता येतं.

पुस्तकावर नाव अतियांचं. ते बरोबरच आहे, प्रवास त्यांचा, डोळे त्यांचे. पण संपादन म्हणजे काय, हे ज्याने एकदा केलंय त्याला विचारा. घरगुती पत्रात शंभर गोष्टी असतात. त्यांतल्या परक्या बायकांपुढे कोणत्या ठेवायच्या, कोणत्या घरातच राहू द्यायच्या, कुठलं वाक्य मौलवीसाहेबांना झोंबेल, कुठलं एखाद्या मुलीला हिंमत देईल, हे ठरवावं लागतं. एक चूक झाली असती तर बोलणी साऱ्या खानदानाला बसली असती. ते ठरवणारा हात झेहरांचा होता. छापील पानावर तो दिसत नाही. चांगल्या संपादनाची तीच खूण असते, आणि विसरलं जाण्याचं कारणही तेच असतं.

आता थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय हे मला का लागलं ते कळणार नाही.

आम्हीही बहिणीच, दोघी. अब्बांचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं. आपा दहावी झाली आणि घरात ठरलं की दोघींची फी झेपणार नाही. आपा मशीनवर बसली, मी कॉलेजात गेले. ती म्हणायची, "तू पढी तो मैं पढी." रात्री मी आले की दिवसभरात काय शिकवलं ते ती विचारून घ्यायची. गालिबचा शेर असो की मानसशास्त्राचा धडा, मशीन चालू ठेवून ऐकायची आणि असा एखादा प्रश्न विचारायची की दुसऱ्या दिवशी तोच मी वर्गात विचारायचे.

बी.एड.ला पाठ घ्यायचे होते तेव्हा माझी टाचणं मी लिहिली, पण कार्डशीटवरचे उर्दू तक्ते आपाने लिहून दिले. तिचं अक्षर मोत्यासारखं. निरीक्षणाला आलेल्या सरांनी तक्त्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्षर फार सुंदर आहे तुमचं." मी "शुक्रिया सर" म्हटलं. आपाचं नाव सांगायला दोन सेकंद लागले असते. पदवीवर माझं नाव आहे, पगार माझ्या खात्यात येतो, आणि "तू पढी तो मैं पढी" हे वाक्य मी वीसेक वर्षं मनाची समजूत घालायला वापरलं. तिलाही शिकायचं होतं का, हे मी कधी विचारलंच नाही. आम्ही एकच आहोत असं धरून चाललं की विचारायचं राहून जातं. एका मनाचा हाच धोका आहे. त्यात कुणीतरी एकजण न विचारता 'हो' म्हणणारी ठरून जाते.

म्हणून मला त्या तीन बहिणींचं पुढचं आयुष्यही महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे त्या वेगवेगळ्या दिसतात. १९१२ साली अतियांनी चित्रकार सॅम्युएल रहामिन यांच्याशी लग्न केलं. ते पुण्याचे, बेने इस्रायल यहुदी समाजातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडून 'फैजी-रहामिन' झाले. आजही किती नवरे असं करतील? अतियांनी पुढे भारतीय संगीतावर इंग्रजीत लिहिलं. नाझलींच्या वाट्याला दुसरं आलं. मूल नाही, वारस हवा, या कारणावरून नवाबांशी बिनसलं आणि १९१३ साली तलाक झाला. पंचवीसहून अधिक वर्षं बेगम म्हणून राहिलेल्या बाईला राजवाडा सोडावा लागला. तेव्हा तिला बहीण होती. नाझली अतिया आणि रहामिन यांच्या घरी राहिल्या. फाळणीनंतर हे तिघे कराचीला गेले. तिथलं अखेरचं आयुष्य हलाखीचं गेलं, पण बहिणींची साथ सुटली नाही. १९६७ साली अतिया गेल्या, पुढच्याच वर्षी नाझली.

कॉमिकमध्ये मेलेली पात्रं परत आणतात. सोफीही पुढे परत आली म्हणे. खऱ्या माणसांच्या बाबतीत आपल्या हाती एवढंच असतं की त्यांचं काम त्यांच्या नावाने सांगायचं.

हा लेख लिहून झाला तेव्हा मी आपाला फोनवर वाचून दाखवला. तक्त्याचा भाग आला तशी ती हसली. म्हणाली, "तेरा खत तो अच्छा था ही नहीं कभी." मग थोडा वेळ गप्प. मला वाटलं, रागावली. तिने विचारलं, "वो बड़ी बहन, ज़ेहरा, उसने अपना भी कुछ लिखा कि बस छोटी का ही ठीक करती रही?"

मी सांगितलं की लिहिलं. बायकांच्या उर्दू नियतकालिकांत त्यांच्या नावाने लेख यायचे. शिब्लींचा पत्रव्यवहारही एकट्या अतियांशी नव्हता. 'ख़ुतूत-ए-शिब्ली' या संग्रहात झेहरांच्या नावचीही पत्रं आहेत.

"तो फिर उसका नाम पहले लिख," आपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठवीवर माझा मराठीचा तास होता. मी मुलींना म्हटलं की परवाचं माझं उत्तर चुकलं, असं खऱ्यात असतं, आणि फळ्यावर तीन नावं लिहिली. झेहरा, नाझली, अतिया. वर्गात दोन बहिणी एकाच बाकावर बसतात, दोघींत एकच पुस्तक. मोठी एक वर्ष मागे राहिल्याने दोघी एकाच वर्गात आल्या. गृहपाठ एकाच अक्षरात येतो आणि मी आजवर दोघींच्या वह्यांवर सही करत आले. त्या दिवशी मी मोठीला उभं केलं आणि म्हटलं, "उद्यापासून तुझ्या वहीत तुझं अक्षर पाहिजे. चुकलं तरी चालेल."

ती आधी धाकटीकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मॅडम, दोन्ही वह्यांत अक्षर माझंच आहे."