सांगलीची हळदपेठ

श्रोतेहो, हळदीवाचून आपल्याकडे शुभकार्य होत नाही. पालीच्या खंडोबाचा भंडारा असो, नवरीचे अंग असो, नाहीतर रोजचे कालवण असो, हळद ही हवीच. पण ही हळद शेतातून निघाल्यावर तिचा भाव कोण ठरवतो, आणि नाव होते ते कोणाचे? सांगलीच्या पेठेचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

सांगली हे शहर म्हणून तसे नवेच. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि १८०१ साली त्यांनी येथे राजधानी केली. राजधानी आली की पेठ आलीच. वाई, कऱ्हाड, वाळवा, मिरज या कृष्णा-वारणाकाठच्या मुलखात हळद पिकत होतीच. पुढे १८९० च्या सुमारास पुणे-मिरज-लोंढा रेल्वे झाली आणि मालाला लांबचा रस्ता मिळाला. मग मराठवाड्याची, कर्नाटकाची, आंध्राची हळदही सांगलीत येऊ लागली. पिकवणारे गाव कोणतेही असो, पेठेतून बाहेर पडताना ती ‘सांगलीची हळद’ होऊन जाई.

या पेठेचे खरे बळ होते हरिपुरात. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हे गाव आहे. तिथली जमीन अशी, की खोल खणले तरी पाणी पाझरत नाही. तिथे लोकांनी पेवे खणली. तोंड अरुंद, पोट मोठे. आत पाला अंथरायचा, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आतली हवा संपली की कीड जगत नाही. त्यामुळे हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नाही बरं का, कोंडलेली हवा जीव घेते. भाव पडला तर थांबायचे आणि चढला की विकायचे, ही सोय पेवांनी करून दिली. पण थांबण्याची ऐपत ज्याच्याजवळ असेल त्यालाच तिचा लाभ. सावकाराचे देणे डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला कसले थांबणे!

त्याचे कष्ट बघा. नऊ महिने पीक सांभाळायचे, कंद काढायचे, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि घासून पॉलिश करायची. पाच मण ओली हळद, तेव्हा कुठे मणभर सुकी हाती येते. पेठेत जाणकार हळकुंड मोडून बघतो. खणकन मोडले आणि आतला रंग गडद निघाला की माल चांगला.

परीक्षा अशी उघड्यावर होई, पण भावाचे काय? जुन्या काळी आपल्याकडच्या अनेक पेठांत हत्ता पद्धत होती. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि मालाचा धनी शेजारी नुसता उभा! १९४८ साली सांगली संस्थान विलीन झाले. पुढे १९६३ च्या राज्य कायद्याने बाजार समित्यांचा कारभार एका चौकटीत आला. झाकला सौदा जाऊन उघडा लिलाव येणे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे. आपल्या मालाला कोणी काय बोली दिली, हे त्याला निदान कानांनी ऐकता आले.

पेवांवर मात्र निसर्गाने घाला घातला. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत हरिपुरात पाणी शिरले. आता बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत असतो.

नावाचा प्रश्न उरतोच. कॉफीचे उदाहरण घ्या. कॉफीचाही व्यापार कच्च्या, न भाजलेल्या बियांचा. चोखंदळ गिऱ्हाईक आज विचारते, ही बी कोणत्या डोंगरावरची, कोणत्या मळ्यातली? २०१९ साली बाबाबुदनगिरी आणि कूर्गच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते त्याआधी, २०१८ सालीच मिळाले आहे. म्हणजे कायद्याने नाव आता मातीशी बांधले. तरी बाहेरची हळद आणि इथली हळद एकाच पोत्यात पडली, तर त्या नावाला अर्थ काय राहील?

पेठ विश्वासावर चालते. गुरुजींनी आपल्या विद्यार्थ्यांना कधीतरी बाजार समितीत न्यावे, लिलाव दाखवावा आणि एक हळकुंड मोडून बघायला सांगावे. ज्याने ते पिकवले त्याचे गाव कोणते, हेही मुलांनी अवश्य विचारावे.