खेचर आणि विश्वासरावांची गोळी

'फाउंडेशन'चा तिसरा सीझन बघून झाला. ११ जुलै ते १२ सप्टेंबर २०२५, दर शुक्रवारी एक असे दहा भाग. चाकणच्या ट्रॅफिकमधून सुटून राजगुरुनगरला घरी पोचायचं, जेवायचं आणि लॅपटॉप उघडायचा. (शेवट सांगत नाही, घाबरू नका!) पण माझं डोकं जाम फिरलं होतं.

आयझॅक असिमोवच्या पुस्तकांची अख्खी मजा हॅरी सेल्डनच्या गणितात आहे. हवेचा एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण डबाभर हवेचा दाब अचूक काढता येतो. तसंच एका माणसाचं भविष्य कळत नाही, पण अब्जावधी माणसांचं कळतं. मालिका मात्र पहिल्यापासून चार-दोन हीरोंच्या मागे धावतेय. त्यात आता आला 'म्यूल', म्हणजे खेचर. दुसऱ्यांची मनं हवी तशी फिरवणारा हा एकटा प्राणी सगळं गणित उधळून लावतो. मग आधी गणित शिकवलंत कशाला राव?

चिडून पुस्तकं पुन्हा काढली, तर लक्षात आलं की खापर मालिकेवर फोडण्यात अर्थ नाही. पहिली गोष्ट १९४२ साली 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. सेल्डनची योजना मोडा, असा आग्रह पुढे त्याचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनीच धरला. असिमोव आधी तयार नव्हता, पण १९४५ मध्ये म्यूल आलाच. म्हणजे माझ्या तक्रारीचा पहिला मानकरी खुद्द लेखक!

आपल्याकडे हाच प्रश्न जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत टाकला होता. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ साली गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले आणि इंग्रजांचं राज्य देशभर पसरलंच नाही. पुरावा म्हणून खिशात बखरीचं एक फाटकं पान! मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा ही कथा मी परत वाचली होती. त्यामुळे जुलैत म्यूल दिसल्यावर आधी तीच आठवली.

आणि ही गोष्ट आमच्या तालुक्याचीपण आहे बरं का. भीमेकाठचं चास इथून जवळच. बाजीरावांच्या काशीबाई चासकर जोशींच्या घरातल्या. नानासाहेब पेशवे त्यांचे चिरंजीव आणि विश्वासराव नातू. त्यामुळे 'ती गोळी लागली नसती तर...' हे मला जरा जास्तच लागतं.

पण खरंच एका गोळीने पानिपत गेलं? १४ जानेवारीला लढायला निघालेलं सैन्य उपाशी होतं. रसद तुटलेली, अब्दालीने वाट अडवलेली, सोबत यात्रेकरू आणि बायकापोरं. विश्वासराव पडले आणि उरलासुरला धीर सुटला. म्यूलचंही तेच. पुस्तकात तो येतो तेव्हा फाउंडेशनची सत्ता वंशपरंपरेने चाललेली असते आणि 'सेल्डनने सगळं ठरवून ठेवलंय' म्हणून मंडळी निवांत. एक रिक्वेस्ट जास्त आली म्हणून सर्व्हर पडला, असं आपण रिपोर्टमध्ये लिहितो. मेमरी मात्र कित्येक दिवस गळत असते.

मग एकटा माणूस अगदीच बिनमहत्त्वाचा? तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या गावाचं नाव आधी नुसतं खेड होतं. इथे १९०८ साली जन्मलेले शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ ला फाशी गेले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. मी आज त्यांच्यापेक्षा मोठा आहे. साम्राज्य एकट्या माणसामुळे कोसळत नाही, हे सेल्डनचं म्हणणं मला अजूनही पटतं. पण घरातून निघताना राजगुरू काही हे गणित सोडवत बसले नव्हते.

असो. चौथा सीझन जाहीर झालाय. शिव्या घालत का होईना, बघणारच!